एक हल्ला, तीन नोंदी: जुनं सरकारी पत्र वाचायचं कसं?

"ताई, जुनी कागदपत्रं आता ऑनलाइन मिळतात. ती वाचायची, माहिती एक्सेलमध्ये भरायची, आलेख काढायचा. मग इतिहासाच्या संशोधनात एवढं अवघड काय आहे?"

नेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनिअरनं मला हे विचारलं. मी हसले नाही, कारण पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच समजत होते.

माझं एमएस्सी फिजिक्सचं. संशोधनाचा विषय मात्र एकोणिसाव्या शतकातली आखाती जहाजवाहतूक. (त्या समुद्राला 'पर्शियन आखात' म्हणायचं की 'अरबी आखात' यावर आजही वाद आहे, म्हणून मी इथे नुसतं 'आखात' म्हणते.) ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पत्रांमधून मी बोटींवरच्या हल्ल्यांचा एक तक्ता तयार केला होता. तारीख, ठिकाण, किती बोटी, काय नुकसान. आलेखही छान आला. गाईडना दाखवला. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, तीन ओळींवर पेन्सिल टेकवली आणि विचारलं, "हे तीन वेगळे हल्ले आहेत का गं?"

नव्हते. हल्ला एकच होता. पहिली नोंद स्थानिक एजंटनं बातमी कळवली त्या पत्राची. दुसरी, रेसिडेंटनं तीच बातमी मुंबईला पाठवली त्या पत्राची. तिसरी, मुंबई सरकारनं त्यावर दिलेल्या उत्तराची. मी प्रत्येक पत्राची तारीख हीच हल्ल्याची तारीख धरली होती. त्यात गावाचं नावही तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं. झालं, एकाचे तीन हल्ले झाले. सहा महिन्यांचं काम पहिल्यापासून करावं लागलं.

प्रयोगशाळेत आपण मीटरवरचा आकडा डोळे मिटून वहीत उतरवत नाही. मीटरचं शून्य बरोबर आहे का, लीस्ट काउंट किती, रीडिंग कुठल्या वेळेला घेतलं, हे आधी बघतो. सरकारी पत्र हेसुद्धा एक रीडिंगच आहे. फरक इतकाच की इथे मीटर म्हणजे एक माणूस, त्याचं ऑफिस, त्याचे मुन्शी आणि त्याची टपालाची बोट. हे मीटर कसं चालतं ते समजून घेतलं नाही तर पत्रातून आलेला 'डेटा' कितीही नीटनेटका दिसला तरी फसवा असतो.

आज एकाच अधिकाऱ्याचं उदाहरण घेऊन हे बघू. त्याचं नाव लुईस पेली.

पेली कोण, आणि त्याची पत्रं मुंबईला का?

पेलीचा जन्म १८२५ चा. मुंबई लष्करातला अधिकारी, पुढे राजकीय खात्यात गेलेला. तेहरानच्या ब्रिटिश वकिलातीत काम केलं, १८६० मध्ये तेहरानहून हेरात-कंदाहारमार्गे घोड्यावरून हिंदुस्थानात आला, मग काही काळ झांजीबारला होता. १८६२ ते १८७२ ही दहा वर्षं तो आखातातला ब्रिटिश पोलिटिकल रेसिडेंट होता. मुक्काम बुशहर, म्हणजे इराणच्या किनाऱ्यावरचं बंदर. इंग्रजी कागदांत ते 'बुशायर' म्हणून सापडतं.

बुशहरला ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती १७६३ पासून. १८१९ च्या अखेरीस मुंबईहून आरमारी मोहीम निघाली आणि रास अल-खैमाच्या कासिमी अरबांचा पाडाव झाला. १८२० मध्ये किनाऱ्यावरच्या शेखांबरोबर तह झाला. मोत्यांच्या हंगामात कुणी समुद्रावर लढायचं नाही असा समझोता १८३५ मध्ये झाला, आणि १८५३ मध्ये तो कायमचा करण्यात आला. हे तह पाळले जातात की नाही ते बघायचं काम रेसिडेंटचं. आणि १८७३ पर्यंत रेसिडेंटचा वरिष्ठ म्हणजे मुंबई सरकार. पुढे हा कारभार थेट हिंदुस्थान सरकारकडे गेला.

संशोधनाच्या दृष्टीनं ही तारीख फार कामाची आहे. १८७३ च्या आधीचा कागद शोधत असाल तर मुंबईच्या पुराभिलेखागारातली पोलिटिकल डिपार्टमेंटची बाडं बघायची. त्यानंतरचा हवा असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र खात्याची दप्तरं. रेसिडेन्सीचं स्वतःचं दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये 'आर/१५/१' या क्रमांकाखाली आहे, आणि पेलीचे खासगी कागद तिथेच युरोपियन हस्तलिखितांमध्ये 'एफ १२६' म्हणून. यातला बराच भाग २०१४ पासून कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट वाचता येतो. म्हणजे मुंबई, दिल्ली, लंडन हे तीन पत्ते, आणि चौथा तुमच्या मोबाइलवर.

पेलीचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. बडोद्यात रेसिडेंट फेअर यांच्यावर विषप्रयोगाचा आरोप झाला, ते प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. १८७४ च्या अखेरीस फेअरच्या जागी बडोद्याला पाठवला गेला तो हाच पेली. जानेवारी १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना अटक झाली ती त्याच्याच कारकिर्दीत. त्याआधी सहा-सात वर्षं त्यानं आखातात एका शेखाला गादीवरून हटवून दुसऱ्याला बसवलं होतं. बडोद्यावर काम करणाऱ्यांनी त्याची आखाती पत्रं जरूर चाळावीत.

आता पत्र हातात घेऊ. मी प्रत्येक पत्राला पाच प्रश्न विचारते.

प्रश्न पहिला: हे पत्र कोणाला लिहिलंय?

१८६५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पेली कुवेतहून वाळवंट ओलांडून रियाधला गेला आणि वहाबी राज्याचा प्रमुख फैसल बिन तुर्की याला भेटला. या एकाच प्रवासाची एकाहून जास्त वर्णनं आहेत. एक, मुंबई सरकारसाठी लिहिलेला अहवाल. तो १८६६ मध्ये भायखळ्याच्या एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात छापला गेला. दुसरं, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकातला लेख. शिवाय खासगी कागद आहेतच.

सरकारला हवं असतं ते राजकारण: हा माणूस किती बलवान, आपल्या तहातल्या शेखांना तो त्रास देईल का. भूगोलवाल्यांना हवा असतो मार्ग, विहिरी, अक्षांश-रेखांश. मित्राला लिहिताना वरिष्ठांबद्दलची चिडचिडही येते. माणूस तोच, प्रवास तोच, पण वाचणारा बदलला की काय सांगायचं आणि काय गाळायचं हेही बदलतं.

सरकारी पत्र लिहिणारा नुसती माहिती देत नसतो, त्याला बहुतेक वेळा काहीतरी हवं असतं. परवानगी हवी असते, जहाज हवं असतं, पैसे हवे असतात, किंवा आधीच करून बसलेल्या कामावर शिक्कामोर्तब हवं असतं. म्हणून पत्राचा शेवटचा परिच्छेद आधी वाचा. मागणी तिथे असते. मग वर येऊन बघा, कुठली माहिती त्या मागणीला आधार द्यायला मांडली आहे.

आता रियाधच्याच अहवालातली दोन विधानं शेजारी ठेवा. पेलीच्या तुकडीनं शहराचा अक्षांश मोजला. तो २४ अंश ३८ मिनिटांच्या आसपास येतो, आणि आजच्या नकाशाशी तो छान जुळतो. दीडशे वर्षांपूर्वी उंटावरून नेलेल्या उपकरणांनी केलेलं हे काम. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर साधारण १.८५ किलोमीटर, तेव्हा चूक किती असेल याचा अंदाज तुम्हीच बांधा. हे विधान स्वतंत्रपणे तपासता येतं. दुसरं विधान फैसलच्या बोलण्याबद्दलचं: तो काय म्हणाला, त्याचा कल कसा होता. हे तपासायला आज ना फैसल आहे, ना त्या खोलीतलं कुणी.

त्याच वर्षाच्या अखेरीस फैसल वारला. १८६६ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश युद्धनौका 'हायफ्लायर'नं वहाबींच्या ताब्यातल्या कतीफवर हल्ला केला, तोही पेलीच्याच सांगण्यावरून. म्हणजे भेटीपासून तोफांपर्यंत जेमतेम एक वर्ष. अहवालातल्या सलोख्याच्या ओळी वाचताना ही पुढची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. पण ती मागे नेऊन "पेलीचा डाव आधीपासूनच हा होता" असं लिहायचं नाही. त्याला स्वतंत्र पुरावा लागतो. नवखे संशोधक (मीसुद्धा) इथे हमखास घसरतात.

प्रश्न दुसरा: हे शब्द मुळात कोणाचे?

पेली बुशहरला बसून शारजा, बहरीन, दोहा इथल्या बातम्या मुंबईला लिहितो. त्याला त्या कळतात कशा? शारजा, बहरीन, लिंगा अशा बंदरांत रेसिडेन्सीचे स्थानिक एजंट असत. हे बहुधा व्यापारी घराण्यांतले लोक होते, गोरे अधिकारी नव्हेत. जेम्स ऑनली या इतिहासकारानं २००७ मधल्या आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं आहे: आखातातली ब्रिटिश सत्ता रोजच्या कामात या स्थानिक माणसांवर उभी होती.

एजंट लिहिणार अरबीत किंवा फारसीत. बुशहरच्या ऑफिसातला मुन्शी त्याचा इंग्रजी तर्जुमा करणार. बऱ्याचदा पूर्ण तर्जुमाही नसतो, नुसता सारांश असतो. पेली त्यातलं हवं तेवढं आपल्या पत्रात घेणार आणि एजंटचं पत्र सहपत्र म्हणून मागे जोडणार. मुंबईतला सचिव पेलीचं पत्र वाचणार, सहपत्र वाचेलच असं नाही.

तुम्ही मात्र सहपत्र वाचा. "पेली म्हणतो की अमुक शेख बिथरला आहे" असं लिहिण्याआधी विचारा, हे पेलीनं पाहिलं का? की शारजाच्या एजंटनं ऐकलं, मुन्शीनं भाषांतर केलं आणि पेलीनं सही केली? एजंट स्वतः व्यापारी आहे. त्या शेखाशी त्याचं देणंघेणं असेल, भांडण असेल, सोयरीकही असेल. सही एकाची असली तरी पत्र चौघांचं असतं.

प्रश्न तिसरा: तारीख कशाची?

हा माझ्या जखमेवरचा प्रश्न.

एका सरकारी पत्रात कमीत कमी चार तारखा दडलेल्या असतात: घटना घडली ती, एजंटनं लिहिलं ती, रेसिडेंटनं लिहिलं ती, आणि मुंबईच्या बारनिशीत पत्र आवक झालं ती. यातली एखादी तारीख हिजरी असते. उदाहरणार्थ १२ सप्टेंबर १८६८ म्हणजे २४ जमादिलावल १२८५. रूपांतर करताना एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो, कारण महिना चंद्रदर्शनावर ठरतो. म्हणून मूळ तारीख आणि रूपांतर, दोन्ही लिहून ठेवा.

या तारखांमधलं अंतरही कायम सारखं नाही. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी मुंबई आणि आखाताच्या दरम्यान ठरलेल्या वेळापत्रकानं टपाल नेऊ लागल्या. १८६४ मध्ये ग्वादरपासून मुसंदम आणि बुशहरमार्गे फावपर्यंत समुद्राखालून तार टाकली गेली. म्हणजे पेलीच्या कारकिर्दीतच मीटर बदललं! तारेआधी रेसिडेंट स्वतःच निर्णय घ्यायचा आणि नंतर कळवायचा, कारण उत्तराची वाट बघायची तर बोट जाऊन परत यायला हवी. तार आल्यावर वरिष्ठांना विचारणं शक्य झालं. पण बहरीन किंवा शारजाला तार पोचलेली नव्हती, तिथली बातमी बुशहरला अजूनही शिडाच्या होडीनंच येत होती.

म्हणून १८६० ते १८७० या काळात "पत्रांची संख्या वाढली, म्हणजे घटना वाढल्या" असा निष्कर्ष काढायचा नाही. पत्रं वाढायला आगबोटही कारण असते.

माझा नवीन तक्ता आता असा आहे: घटनेची तारीख, बातमी देणाऱ्याची तारीख, रेसिडेंटची तारीख, आवक तारीख, आणि पाचवा स्तंभ 'हीच घटना आधी आली आहे का?' या पाचव्या स्तंभानं मला वाचवलं.

प्रश्न चौथा: इथे हा शब्द काय काम करतोय?

ऑक्टोबर १८६७ मध्ये बहरीनचा शेख मुहम्मद बिन खलिफा आणि अबू धाबीचा शेख यांच्या फौजा समुद्रमार्गे दोहा आणि वकरा या कतारमधल्या गावांवर चालून आल्या. गावं लुटली, उद्ध्वस्त केली. पुढच्या उन्हाळ्यात कतारच्या लोकांनी उलटा हल्ला केला. सप्टेंबर १८६८ मध्ये पेली युद्धनौका घेऊन बहरीनला पोचला. मुहम्मद बिन खलिफा आधीच पळाला होता. ६ सप्टेंबरला त्याचा भाऊ अली बिन खलिफा याच्याशी करार झाला.

या करारात मुहम्मदबद्दल जे लिहिलं आहे त्याचा आशय असा की त्यानं वारंवार चाचेगिरी केली, म्हणून त्याचा हक्क गेला. जरा थांबून बघा. एका राज्याचा प्रमुख आपल्याच फौजा आणि गलबतं घेऊन, दुसऱ्या शेखाला बरोबर घेऊन, ज्या प्रदेशावर तो आपला हक्क सांगतो तिथे चालून जातो. आपल्या रोजच्या भाषेत याला स्वारी म्हणतील, युद्ध म्हणतील, बंड मोडणं म्हणतील. करारात शब्द आला 'चाचेगिरी'. कारण समुद्रावर लढायचं नाही असा तह होता, आणि तह मोडणाऱ्याला 'चाचा' म्हटलं की त्याला हटवायला कायदेशीर वाट मिळते. हल्ला झाला नव्हता असं मी म्हणत नाही. दोह्याच्या लोकांचं नुकसान अगदी खरं होतं. पण 'चाचेगिरी' हा शब्द इथे घटनेचं वर्णन करत नाही, निकाल देतो.

याच शब्दावर एक गाजलेली पीएचडी आहे. शारजाचे शासक शेख सुलतान बिन मुहम्मद अल-कासिमी यांनी १८२० च्या आधीच्या काळावर एक्सेटर विद्यापीठात प्रबंध लिहिला. १९८६ मध्ये तो पुस्तक म्हणून आला. मुंबईच्या पुराभिलेखागारातले कंपनीचे कागद वापरून त्यांनी मांडलं की कासिमींची 'चाचेगिरी' ही कंपनीनं आपल्या स्वार्थासाठी फुगवलेली गोष्ट होती. पुढे १९९७ मध्ये चार्ल्स डेव्हिस या संशोधकानं याच काळातले हल्ले पुन्हा तपासले आणि जास्त गुंतागुंतीचं चित्र मांडलं. दप्तर बरंचसं तेच, निष्कर्ष वेगळे. कासिमी हे त्याच घराण्याचे वंशज, हे वाचकानं ध्यानात ठेवावं. पण तेवढ्यावरून त्यांचा युक्तिवाद मोडीत निघत नाही, तो पुराव्यावरच तपासावा लागतो. तुमचा रिसर्च प्रपोजल लिहायच्या आधी ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे नावांची यादी नव्हे, हे तिथे कळतं.

याच प्रश्नाचा दुसरा भाग: कुठला शब्द येतच नाही? मोत्यांच्या हंगामात हजारो पाणबुडे समुद्रात असत, त्यातले कितीतरी जण नाखुद्याच्या कर्जात. (नाखुदा म्हणजे आपल्या कोळीवाड्यातला नाखवाच, शब्द फारसीतून आला.) मोती मुंबईच्या बाजारात यायचे. पण सरकारी पत्रांत पाणबुडे बहुतेक वेळा आकडा म्हणून येतात, नावानं क्वचितच. कागदात ते नाहीत म्हणून आखातात ते महत्त्वाचे नव्हते असं होत नाही.

प्रश्न पाचवा: माझ्या हातात कितवी प्रत आहे?

पेलीच्या एका पत्राचा मसुदा बुशहरला राहिला. स्वच्छ प्रत मुंबईला गेली. मुंबईच्या कामकाजाच्या नोंदींबरोबर एक नक्कल लंडनला गेली. महत्त्वाचं असेल तर ते पुढे छापील संग्रहात आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई प्रांताच्या सेवेतल्या जे. ए. सलडान्हा यांनी आखाताच्या कागदपत्रांची विषयवार टिपणं तयार केली. त्यानंतर लॉरिमरचं आखातावरचं गॅझेटिअर आलं, भूगोलाचा भाग १९०८ मध्ये आणि इतिहासाचा १९१५ मध्ये. ते अधिकाऱ्यांच्या कामासाठी केलेलं, बराच काळ गोपनीय. आजची कितीतरी पुस्तकं लॉरिमरवरून लिहिलेली आहेत, आणि इंटरनेटवरचे लेख त्या पुस्तकांवरून.

म्हणजे घटना, एजंटचं पत्र, तर्जुमा, पेलीचं पत्र, मुंबईची नोंद, सलडान्हांचं टिपण, लॉरिमर, आजचं पुस्तक. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळतं. गळतं ते बहुधा 'बहुतेक', 'असं ऐकतो', 'खात्री नाही' हे शब्द. वरच्या पायरीवर शंका होती, खालच्या पायरीवर तेच विधान ठाम होऊन बसतं.

एक उदाहरण. "१८६८ मध्ये ब्रिटननं कतारला स्वतंत्र राज्य म्हणून मान्यता दिली" हे वाक्य तुम्हाला ठिकठिकाणी दिसेल. आता पेलीनं १२ सप्टेंबर १८६८ रोजी मुहम्मद बिन थानी याच्याकडून घेतलेला कागद काढून वाचा. त्यात आश्वासनं आहेत: दोह्याला परत जाऊन शांततेनं राहीन, लढाईच्या इराद्यानं समुद्रावर उतरणार नाही, भांडण झालं तर रेसिडेंटकडे नेईन, पळालेल्या मुहम्मद बिन खलिफाला मदत करणार नाही. आणि शेवटचं, बहरीनच्या शेखाशी पूर्वीपासून जे संबंध होते तेच पुढे चालू ठेवीन, पैशाचा किंवा दुसरा काही वाद झाला तर तोही रेसिडेंटपुढे मांडीन. 'स्वतंत्र राज्य' असं त्यात कुठेच नाही. दुसऱ्याच दिवशी बहरीनला द्यायच्या रकमेबद्दल वेगळा कागद झाला.

मग इतिहासकार याला महत्त्व का देतात? कारण ब्रिटिशांनी बहरीनच्या शेखाला वगळून दोह्याच्या माणसाशी थेट कागद केला. हा अर्थ लावता येतो, आणि तो चांगला आहे. पण तो अर्थ आहे, कागदातलं वाक्य नाही. प्रबंधात ही दोन गोष्टींची सरमिसळ झाली की परीक्षक तिथेच पकडतात.

आणि हे फक्त परीक्षकापुरतं नाही

बहरीन आणि कतार यांच्यातला जमिनीचा आणि बेटांचा वाद १९९१ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. निकाल लागला १६ मार्च २००१ ला. झुबारा कतारकडे, हवार बेटं बहरीनकडे. दोन्ही बाजूंनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे तह, पत्रं, अहवाल मांडले होते. झुबाराचा विचार करताना न्यायालयानं १८६८ च्या कराराचाही आधार घेतला. बुशहरच्या रेसिडेंटनं जहाजावरून करवून घेतलेला कागद, १३३ वर्षांनंतर दोन देशांची हद्द ठरवताना वाचला जात होता.

याच खटल्यात कतारनं दिलेल्या ८२ कागदपत्रांच्या खरेपणावर बहरीननं आक्षेप घेतला. तपासण्या झाल्या, आणि अखेर कतारनं स्वतःच सांगितलं की या ८२ कागदांचा विचार करू नये. ज्या पाच प्रश्नांनी आपण आज पेलीचं पत्र वाचलं, तेच प्रश्न अशा कागदांना विचारावे लागतात. हा कागद कुठल्या दप्तरातून आला? याची जोडीची प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे का? तारखा जुळतात का? त्या वर्षी तो माणूस त्या पदावर होता का? खऱ्या सरकारी पत्राच्या मागेपुढे इतर पत्रं असतात: जावक क्रमांक, आवक नोंद, उत्तर, स्मरणपत्र. एकटाच, बिननात्याचा कागद सापडला तर आनंद जरूर व्हावा, पण आधी त्याचे नातेवाईक शोधावेत.

करून बघा

शेवटी गृहपाठ. कतार डिजिटल लायब्ररी उघडा आणि पेलीच्या काळातलं कुठलंही एक पत्र निवडा. शोधताना जुनी स्पेलिंग वापरून बघा. 'कतार' त्या काळच्या कागदांत 'गट्टर' किंवा 'एल-कतर' अशा रूपांत येतं, कुवेत काही ठिकाणी 'ग्रेन' म्हणून. आजचं नाव टाकलं आणि काही सापडलं नाही, तर कागद नाही असं समजू नका.

मग एका कोऱ्या पानावर पाच ओळी लिहा:

१. कोणाला लिहिलंय आणि शेवटी काय मागितलंय?
२. यातली कुठली गोष्ट लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिली, कुठली दुसऱ्याकडून आली, आणि कुठल्या भाषेतून?
३. सगळ्या तारखा, कशाची कुठली ते लिहून.
४. निकाल देणारा एक शब्द शोधा. त्याच्या जागी साधा शब्द घालून वाक्य परत वाचा.
५. ही कितवी प्रत? याचं सहपत्र किंवा उत्तर कुठे असेल?

एका पत्राला एक तास तरी लागेल. पहिल्यांदा वाटेल, या वेगानं गेलो तर प्रबंध कधी होणार? मलाही तसंच वाटलं होतं. पण सहा महिन्यांचा तक्ता फाडण्यापेक्षा एक तास स्वस्त पडतो. शिवाय चाळीस-पन्नास पत्रं अशी वाचून झाली की डोळा तयार होतो, शेवटचा परिच्छेद बघताच मागणी दिसते, आणि सहपत्र नसलं की हात आपोआप पुढचं पान उलटतो.

माझ्या नव्या तक्त्यात आता हल्ले पूर्वीपेक्षा बरेच कमी आहेत. आलेख तितका देखणा राहिला नाही. पण गाईडनी पेन्सिल कुठेही ठेवली तरी मला आता तिथे उत्तर देता येतं.